हीटर, वायपर आणि मोटेची सोंड

आमच्या पडवीत २३ वर्षे उभ्या असलेल्या जीपची दुरुस्ती गेल्या वर्षी काढली. गाडीतल्या सर्वांत बिनमहत्त्वाच्या दोन वस्तू मला सर्वांत जास्त काळ अडवून ठेवतील, असे तेव्हा वाटले नव्हते. इंजिन खोलले, ब्रेक नवे झाले, पाट्यांना पुन्हा बाक दिला, तळाचा गंजलेला पत्रा बदलला. हे सगळे पावसाळ्याआधी उरकले. हीटर आणि वायपर मात्र दिवाळी आली तरी माझ्या लिहायच्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर मांडलेले होते.

पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, “बाबा, दोन्हीचे तयार संच मिळतात. अमेरिकेतून येतात. हुबेहूब जुन्यासारखे. मागवू का?”

मी थांब म्हटले. नांदगावच्या शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवल्याचा हा परिणाम असेल, पण टेबलावरचे ते दोन डबे मला भंगार वाटत नव्हते. ते कागदपत्रांसारखे दिसत होते आणि अजून वाचून झाले नव्हते. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा वृत्तान्त आहे.

नांदगावचा रस्ता

नांदगावला वाहनांचे अप्रूप जुने आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळकडे जाणारी वाट मनमाडहून पुढे नांदगाववरून गेली आणि हे गाव अचानक एका मोठ्या प्रदेशाचे दार झाले. मनमाडहून निजामाच्या मुलुखात जाणारी रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली. तोपर्यंत वेरूळची लेणी पाहायला निघालेला प्रवासी नांदगावच्या स्थानकावर उतरे आणि टांग्याने पुढे जाई. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी प्रवासी मार्गदर्शिकांत वेरूळसाठी उतरायचे स्थानक म्हणून नांदगावचे नाव असे. मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर ते महत्त्व सरले, रस्ता मात्र उरला. बैलगाडी, टांगा, खासगी सर्व्हिस मोटार आणि पुढे एसटी, असे सगळे त्याच मातीवरून गेले.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तेव्हाच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड अशा नाना देशींच्या नाना जातींच्या गाड्या होत्या. त्यांतली कुठलीही आपल्या हवेसाठी बनलेली नव्हती. परदेशी यंत्र इथल्या उन्हात, धुळीत आणि घाटात उतरले की त्याचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. त्यांत कारखान्याच्या उद्घाटनाची तारीख येते. पुढचे सगळे मिस्त्रीच्या हाती असते आणि मिस्त्री काही लिहून ठेवत नाही.

दोन स्त्रिया, दोन पेटंटे

हीटर आणि वायपर या दोन्हींच्या जन्मकथा रुळांवरच्या डब्यापाशी जाऊन पोचतात, आणि दोन्ही कथांत एकेक स्त्री आहे. १८९३ साली शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांना ‘कार-हीटर’चे पेटंट मिळाले. त्या काळी अमेरिकेत ‘कार’ म्हणजे मुख्यतः रेल्वेचा किंवा ट्रामचा डबा. मोटारगाडी अजून प्रयोगाच्या अवस्थेत होती. पुढे मोटारगाड्या बंदिस्त झाल्या, तेव्हा इंजिन थंड ठेवणारे गरम पाणीच डब्यात फिरवून ऊब घेण्याची पद्धत रूढ झाली.

वायपरची गोष्ट न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये घडली. अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात त्या शहरी आल्या होत्या. काचेवरचे बर्फ साफ करायला ट्रामचालकाची चाललेली धडपड त्यांनी पाहिली आणि घरी परतल्यावर एक साधन आखले. आतून दांडा ओढायचा, बाहेर काचेवरून रबराची पट्टी फिरायची. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले. दोन वर्षांनी एका कंपनीने त्यात व्यापारी मोल नाही म्हणून नकार कळवला. पेटंटची मुदत संपली आणि नंतर जगातल्या प्रत्येक मोटारीला वायपर लागला. मेरी अँडरसन यांच्या हाती त्यातले काही आले नाही.

तोवर आणि नंतरही चालक आपापले उपाय करीत. काचेवर कापलेला बटाटा, कांदा किंवा ओली तंबाखू चोळायची, म्हणजे थेंब धरत नाहीत. तंबाखूचा उपाय आपल्याकडच्या ट्रकचालकांनी अगदी परवापरवापर्यंत चालवला. कांद्याचा उपाय आमच्या तालुक्यात कुणी करून पाहिला असता, तर निदान मालाची टंचाई पडली नसती.

यंत्राने चालणारा वायपर लोकप्रिय केला तो बफेलो शहराच्या जॉन ओशाय यांनी. पावसात नीट न दिसल्यामुळे त्यांच्या मोटारीचा धक्का एका सायकलस्वाराला लागला. त्या धक्क्यातून त्यांनी १९१७ साली वायपरची कंपनी काढली. ‘ट्रायको’ हे तिचे नाव पुढे वायपरच्या डब्यांवर जगभर दिसू लागले. या कंपनीचा गाजलेला प्रकार म्हणजे व्हॅक्यूमवर, आपल्या मिस्त्रींच्या भाषेत ‘वाऱ्यावर’, चालणारा वायपर. आमच्या जीपला चालकाच्या बाजूने असाच वायपर आहे. शेजारच्या बाजूला मात्र हाताने फिरवायचा दांडा आहे, म्हणजे थेट मेरी अँडरसन यांचा वारसा. लहानपणी पावसात तो दांडा फिरवायचे काम माझ्याकडे असे. त्याने आप्पांच्या पुढची काच पुसली जात नसे, फक्त माझ्या पुढची जाई. तरी गाडी मीच चालवतो आहे, अशी माझी खात्री असे.

जीप मराठी मुलुखात येते

१९४५ साली मुंबईत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे बदलले. १९४७ साली अमेरिकेच्या विलीज कंपनीकडून सुट्या भागांच्या रूपात ७५ गाड्यांची पहिली खेप आली. पुढे १९५४ पासून टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन सुरू झाले. आमची जीप त्या परंपरेतली ‘सीजे-३बी’ आहे. तिचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसते, कारण नव्या इंजिनाचा एक व्हॉल्व्ह डोक्यावर गेला आणि इंजिनाची उंची वाढली.

मराठी माणसाच्या मनात जीप शिरली ती सरकारी कामातून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि गावोगावी ‘बीडीओसाहेबांची जीप’ दिसू लागली. पांढरी टोपी, धूळ आणि मागे धावणारी पोरे यांच्याशिवाय ते चित्र पुरे होत नाही. शेतकऱ्यांनी जीप घेतली ती नंतर, आणि बहुतेकांनी जुनी घेतली.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. परदेशी मोटारी आणून नुसत्या जोडण्याच्या धंद्यावर १९५३च्या सरकारी धोरणाने पडदा टाकला. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डने आपला कारभार आवरला. कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांची प्रीमियर होती. आमच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखानाही याच वालचंदांनी काढला होता. ज्यांनी इथे उत्पादन करायचे ठरवले ते टिकले, पण रस्त्यावरच्या असंख्य जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी स्थानकाजवळची एक-दोन गॅरेजे यांनी पुढची चाळीस वर्षे ही वाहने चालती ठेवली. टंचाईने घडवलेली ती कारागिरी होती. तिचा दप्तरी पुरावा नाही. जो आहे तो टेबलावरच्या डब्यांत.

हीटर: डालड्याच्या डब्यावरचे झाड

आप्पांनी ही जीप १९७१ साली मालेगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. लष्कराच्या लिलावातली गाडी, एवढेच त्यांनी आम्हाला सांगितले होते. पडद्यांच्या उघड्या गाडीला हीटर कशाला, हे कोडे घरात कायम होते. नांदगावची थंडी कडक असते, पण ती घोंगडीने भागण्याइतकीच.

खोलल्यावर कोड्याचा पहिला पदर सुटला. हीटर बसवलेल्या पट्ट्यांच्या खाली नुसता पत्रा नव्हता, तर पट्ट्यांसह सगळ्यावर एकसंध जुना हिरवा रंग होता. आमचा पांढरा रंग त्याच्यावर. म्हणजे हीटर लिलावाआधी, लष्कराच्या काळातच बसलेला. १९६२ नंतर हिमालयात लष्कराचा वावर किती वाढला, हे ध्यानात घेतले तर ही जीप कुठल्याशा थंड मुलुखात नोकरी करून आली असावी, एवढे अनुमान करता येते. त्यापुढे पुरावा जात नाही, म्हणून मीही जात नाही.

दुसरा पदर अधिक मजेचा होता. हीटरचे तोंड माणसांच्या पायांकडे असते. आमच्या हीटरचे तोंड बाजूच्या पत्र्याला भोक पाडून गाडीबाहेर काढलेले होते. मुलगा म्हणाला, “कुणीतरी वाट लावलीय.” मलाही तसेच वाटले. मग ती पत्र्याची नळी साफ करताना आतल्या बाजूला पिवळा रंग आणि त्यावर हिरवे ताडाचे झाड दिसले. डालड्याचा डबा! तो उलटा वळवून, कड दुमडून, डाख देऊन इतक्या सफाईने बसवला होता की ही वाट लावणाऱ्याची करणी नव्हे, हे तिथेच कळले.

उलगडा जुन्या चालकांशी बोलताना झाला. लासलगावच्या बाजाराला कांद्याचा ट्रेलर ओढत न्यायचा किंवा कन्नडचा औट्रम घाट चढायचा, तर खालच्या गिअरमध्ये इंजिन तापे. पाणी उकळायला लागले की चालक हीटर चालू करी. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनातले गरम पाणी त्यातून फिरते आणि पंखा ती उष्णता बाहेर टाकतो. इंजिन वाचते, पण एप्रिलच्या उन्हात पाय भाजून निघतात. आप्पांच्या मिस्त्रीने ती उष्णता गाडीबाहेर वळवली होती. थंडी घालवण्यासाठी केलेले यंत्र त्याने उन्हाळ्याच्या कामाला लावले होते.

दुरुस्ती तशी साधी निघाली. आमच्या बोअरच्या जड पाण्याने आतल्या नळ्यांत क्षार बसले होते. कडक आम्लाने डाख खाल्ला जातो, म्हणून कोमट पाण्यात लिंबूसत विरघळवून दोन दिवस भिजत ठेवले आणि पुन्हा पुन्हा धुतले. मग बादलीत बुडवून सायकलच्या पंपाने हवा भरली. दोन ठिकाणी बुडबुडे आले, तिथे रेडिएटरवाल्याने डाख दिला. पंख्याच्या मोटारीचा बुश झिजून भोक लांबट झाले होते, त्यामुळे पाती डब्याला घासत. लेथवर तोफधातूचा नवा बुश काढला, त्याच्याभोवती तेल पाजलेल्या नमद्याची चकती दिली आणि दुसऱ्या एका मोटारीचे कार्बन कानशीने घासून बसवले. पंखा फिरला.

वायपर: कातड्यावरची भोके

वाऱ्यावर चालणाऱ्या वायपरचे तत्त्व सुरेख आहे. इंजिन हवा आत ओढते तेव्हा कार्बोरेटरच्या पुढच्या नळीत पोकळी तयार होते. तिथून एक रबरी नळी वायपरच्या डब्यात येते. डब्यात अर्धगोल पोकळीत एक पाते असते. त्याच्या एका बाजूची हवा ओढली गेली की पाते तिकडे सरकते. टोकाला गेले की स्प्रिंगचा खटका बाजू बदलतो आणि पाते परत येते. वीज नाही की दातेरी चक्र नाही.

दोष एकच, पण तो नको तिथे उपटतो. इंजिन मोकळे फिरत असताना ही ओढ पाऱ्याच्या १८ ते २० इंचांपर्यंत असते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे सपाटीवर वायपर सपासप चालतो आणि घाटात, ऐन पावसात, चढावर गाडीला जोर दिला की थांबतो. चालक क्षणभर पाय उचलतो, काच पुसून घेतो आणि पुन्हा पाय दाबतो. काही गाड्यांच्या पेट्रोल पंपालाच ओढ टिकवणारा दुसरा कप्पा जोडून यावर उतारा काढला गेला. पुढे विजेचे वायपर आले आणि हा प्रकार मागे पडला.

पात्याच्या कडेने हवा निसटू नये म्हणून जुन्या डब्यांत कातड्याची किनार असे. कातडे वाळले की आकसते आणि वायपर मरतो. आमचा डबा उघडला, तेव्हा किनार वाळून कडक झालेली होती, पण ती कारखान्यातली नव्हती. कात्री हाताची होती, जाडी कमी-जास्त होती, आणि एका कडेला ओळीने, सारख्या अंतरावर भोके होती. त्या जागी भोकांचे काहीच काम नाही. उलट तिथून हवा गळते. म्हणून मिस्त्रीने ती मेणाने बुजवली होती.

गावातल्या एका वयोवृद्ध चर्मकार कारागिरांकडे तो तुकडा नेला. त्यांनी तो तेलाच्या बोटांनी चोळला, हुंगला, उजेडाकडे धरला. म्हणाले, “सर, हे बाभळीच्या सालीत कमावलेलं. आणि ही भोकं वादीच्या शिवणीची. मोटेच्या सोंडेचं आहे हे.”

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीचे पाणी उपसणाऱ्या कातडी मोटेला खाली नळीसारखी सोंड असे. बैल धावेवरून उतरत, नाडा मोट वर ओढी, आणि सोंडेला बांधलेल्या सोलाने तिचे तोंड थारोळ्यावर आले की पाणी आपोआप ओतले जाई. सोंडेचे कातडे मोटेच्या इतर भागापेक्षा पातळ आणि मऊ लागे. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तेल-इंजिने व मागोमाग विजेचे पंप विहिरींवर आले. मोटा अडगळीत गेल्या. आमचीही गोठ्याच्या माळ्यावर टांगलेली होती, आणि तिला सोंड नव्हती, हे मला त्या क्षणी आठवले. लहानपणी ती उंदरांनी खाल्ली, असे आम्हाला सांगितलेले होते.

माझ्या पोटात कालवले ते तिथे. पाऊस नसला तर विहीर उपसणारे कातडे, पाऊस आला तर काच पुसायला लावले गेले होते. आणि आमच्या घरात कुणीही, अगदी आप्पांनीसुद्धा, ते कधी सांगितले नव्हते. मिस्त्रीला पैसे दिले गेले असतील. त्याची कल्पना कुणी बोलून दाखवावी, असे मात्र कुणाला वाटले नसेल. इतिहास शिकवताना मी कितीतरी राजांची नावे पोरांकडून पाठ करून घेतली. ज्याने आमच्या मोटेची सोंड वायपरमध्ये बसवली त्या माणसाचे नाव मला ठाऊक नाही. आम्ही त्याला मिस्त्रीच म्हणायचो.

मूळ म्हणजे काय?

मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही अट आहे. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत परीक्षकही अस्सलपणाला गुण देतात. तिथे डालड्याचा डबा दिसला तर गुण कापले जाणार, हे उघड आहे.

पण मूळ स्वरूप म्हणजे कोणत्या दिवसाचे? कारखान्यातून निघाली त्या दिवशी बहुधा हिला हीटर नव्हता. लष्करात होता, तोंड आत होते. आमच्याकडे आल्यावर तोंड बाहेर गेले. यांतला पहिला दिवस तेवढा खरा आणि नंतरची सगळी वर्षे म्हणजे खराबी, असे मानायचे का? जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारात असा प्रश्न नेहमी येतो. मूळ भिंत दिसावी म्हणून नंतरचा चुना खरवडताना त्याखालची चित्रेही जातात. नियम चासी-इंजिनाबद्दल बोलतो. हीटर-वायपरचा निर्णय मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे.

आम्ही तोडगा काढला तो असा. हीटरचे तोंड बाहेरच ठेवले. डालड्याच्या पत्र्यावरचा गंज काढून त्याला नुसते पारदर्शक वार्निश दिले. वायपरच्या नळ्या आणि रबर नवे घातले, कारण फाटकी नळी इंजिनाचीही हवा बिघडवते. सोंडेचे कातडे मात्र वापरण्याजोगे राहिले नव्हते. त्याच वृद्ध कारागिरांनी मऊ, तेल पाजलेल्या कातड्याची नवी किनार कापून दिली, या खेपेला बिनभोकाची. जुना तुकडा पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला आहे. सोबत मी एक पान लिहिले आहे. तो कुठून आला, कुणी ओळखला आणि कुणी बसवला असावा, एवढेच त्यात आहे. बसवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडली आहे. गावातल्या कुणा घरात ते नाव अजून असेलच.

यंदा आषाढात जुन्याच नोंदणीचे नूतनीकरण करून आम्ही जीप चाळीसगावमार्गे कन्नडच्या घाटात नेली. मुलगा चालवत होता, मी शेजारी. पायथ्याला पावसाने गाठले. सपाटीवर वायपर छान चालला. दुसऱ्या वळणावर चढ लागला, मुलाने पाय दाबला आणि वायपर काचेच्या मधोमध थांबला.

“बाबा, बिघडला!”

“बिघडला नाही. पाय उचल थोडा.”

त्याने पाय उचलला, काच पुसली गेली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबला. माथ्यापर्यंत आम्ही तसेच गेलो. माझ्या बाजूची काच तोवर मी हाताने पुसत होतो.

इंजिन तापल्याचा काटा वर चढू लागला, तेव्हा त्याने न सांगता हीटर चालू केला. बाहेर, नळीच्या तोंडाशी, पावसात वाफ दिसली.